टिकटालिकचा सहा फुटी नमुना: परळच्या मूर्ती कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

१४ नोव्हेंबर

कॉलेजचं काम पक्कं झालं. प्राणिशास्त्र विभागाला २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनापर्यंत टिकटालिक हवाय. सहा फुटी, फायबरमध्ये. उजवी बाजू खवल्यांसकट, डावी बाजू उघडी, आतली हाडं दिसतील अशी. शिवाय भिंतीवर लावायला पॅनल. निम्मे पैसे आगाऊ ठरले होते, हातात पाव पडले. काका म्हणाले, "गणपती झाले, देवी झाल्या, माघीपर्यंत मागचा कोपरा रिकामाच आहे. घे काम."

विभागाच्या मॅडमनी निवांत बसून समजावलं, त्यातलं कामाचं तेवढं लिहून ठेवते. टिकटालिक ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा, मांसल परांचा मासा. २००४ मध्ये कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समिअर बेटावर सापडला, २००६ मध्ये जगापुढे आला. शोधणारे नील शुबिन, टेड डेश्लर आणि फॅरिश जेन्किन्स. ही मंडळी १९९९ पासून तिकडे जात होती. जागा निवडण्यामागचा हिशोब मला फार आवडला. ३८ कोटी वर्षांपूर्वीचे मासे माहीत होते, ३६.५ कोटी वर्षांपूर्वीचे चार पायांचे प्राणी माहीत होते. मग मधल्या वयाचे, गोड्या पाण्यात साचलेले खडक नकाशावर शोधायचे आणि तिथे जाऊन खणायचं. तेव्हा ती जमीन विषुववृत्ताजवळ होती आणि तिच्यावरून उथळ, संथ नद्या वाहत होत्या. आज तिथे बर्फ आहे, उन्हाळ्याचे थोडेच आठवडे काम करता येतं.

१८ नोव्हेंबर

मापांचा दिवस. सापडलेल्या नमुन्यांवरून अंदाज सव्वा मीटरपासून पावणेतीन मीटरपर्यंत जातात, त्यामुळे सहा फूट मधोमध बसतात. डोकं चपटं, वरून त्रिकोणी, सुसरीची आठवण व्हावी असं. डोळे वरच्या बाजूला. अंगावर चौकटीच्या आकाराचे खवले. फासळ्या रुंद, एकीवर एक चढलेल्या.

शेपटी? शेपटीचा मागचा भाग सापडलेलाच नाही. मॅडम म्हणाल्या, त्याचा जवळचा नातेवाईक एल्पिस्टोस्टेगे बघा. क्विबेकमध्ये २०१० साली त्याचा अख्खा सांगाडा मिळाला, १.५७ मीटरचा, त्याचं सविस्तर वर्णन २०२० मध्ये आलं. त्यावरून शेपूट बेतायची. म्हणजे आमच्या माशाची शेपटी उसनी. हे बघणाऱ्याला कळायला हवं. कसं, ते रंगकामाच्या वेळी ठरवू.

२२ नोव्हेंबर

पहाटे भाऊच्या धक्क्यावर. माशाचा पर खांद्याला नक्की कसा बसतो ते हातात घेऊन बघितल्याशिवाय मला सळई वाकवता येणार नाही. मोठा रावस घेतला. कोळीण मावशी म्हणाली, "पर बघाया मासा कोन घेतं गो बाय?" पण कापताना तिनेच नीट दाखवलं. कल्ल्यांच्या मागे सुरी घातली की जी कडक कमानीसारखी पट्टी लागते, ती खांद्याची. ती वर कवटीला घट्ट जोडलेली. म्हणून डोकं छाटलं की खांदा आणि पर डोक्याबरोबर येतात. मासा मान वळवू शकत नाही, कारण त्याला मानच नाही.

कारखान्यात आणून पर सोलला. दंडासारखं एक मोठं हाड शोधत होते, ते नाहीच. खांद्याच्या पट्टीला लागून बारीक हाडांची एक ओळ, आणि तिच्यापासून लगेच काटे सुरू. बाकी सगळा पर म्हणजे काट्यांवर ताणलेला पापुद्रा. सुरमई, पापलेट, बोंबील, आपण खातो ते बहुतेक सगळे मासे याच घराण्यातले.

काकांनी रावसाच्या पराखालचे मोकळे चार तंतू पकडून दाखवले. "ही काय बोटं! तू हाडं कसली शोधतेस?" दिसतात खरी बोटांसारखी, आणि गढूळ पाण्यात चाचपडायला मासा ती वापरतोही. पण ते नुसते सुटे झालेले काटे. आत हाडांची साखळी नाही, सांधे नाहीत. काकांना पटलं, पण त्यांच्या मते टिकटालिकपेक्षा रावसच जास्त हुशार.

संध्याकाळी रावसाचं कालवण. प्रकल्प खर्चात धरलेलं नाही.

२६ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत कोंबडीचं पंख साफ करून सगळ्यांपुढे ठेवलं. खांद्याकडून एक हाड. पुढे दोन हाडं शेजारी शेजारी. मग मनगटाचे बारके तुकडे. मग टोकाला मोडकी बोटं. स्वतःचा हात चाचपून बघा, हाच क्रम. बकऱ्याचा पुढचा पायही तसाच, फक्त तिथे मधली दोन हाडं चिकटून एक झालेली असतात. एक, दोन, अनेक बारकी, मग बोटं: मांसल परांच्या माशांनी हे पाण्यातच मांडलं. युस्थेनोप्टेरॉन नावाच्या माशात, म्हणजे सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी, पहिलं एक आणि पुढची दोन स्पष्ट दिसतात. टिकटालिकमध्ये त्यापुढे मनगटाच्या जागची हाडंही दिसतात आणि तिथे पर वाकू शकतो. शेवटी मात्र काटेच. बोटं वेगळी झालेली नाहीत, म्हणून तो मासाच.

सळईचा पर आता डोळ्यापुढे आला. खांद्याला जाड आठ नंबर, कोपरापुढे दोन पातळ, मनगटापासून तार.

१ डिसेंबर

कॉलेजच्या व्यवस्थापनाकडून चित्र आलं. टिकटालिक वाळूवर, छाती काढून, तोंड उघडं, मागे सूर्योदय. खाली ओळ: "पाण्याला रामराम!" असंच करून द्या म्हणतात.

नाही करणार. मॅडमही नाही म्हणाल्या, पण त्यांना नोकरी करायची आहे, म्हणून बोलायचं माझ्याकडे आलं. मुद्दा असा. हे चित्र बघून मुलं घरी काय घेऊन जातील? की माशाला जमिनीवर यायचं होतं म्हणून त्याला पाय फुटले. सांगाड्यांवरून उलट दिसतं. ग्रीनलंडच्या अ‍ॅकॅन्थोस्टेगाला चार पाय होते आणि प्रत्येक पुढच्या पायाला आठ बोटं. पण त्याला माशासारखे कल्ले होते, शेपटीला मोठा पर होता आणि पाय शरीराचं वजन पेलून चालण्याजोगे नव्हतेच. जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक १९८७ मध्ये तिकडे गेल्या, तिथून आणलेल्या नमुन्यांवर त्यांनी आणि मायकेल कोट्स यांनी १९९० मध्ये ती बोटं मोजून दाखवली. तोवर पाच बोटं हा मूळ आकडा असं सगळे धरून चालले होते. थोडक्यात, बोटांचे पाय आले ते पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला. झाडोऱ्याने गच्च भरलेल्या उथळ पाण्यात तळाला टेकायला, अंग ढकलायला, डोकं वर काढून हवा घ्यायला त्यांचा उपयोग. जमिनीवर ते कामाला आले पुष्कळ नंतर.

तेव्हा आमचा टिकटालिक पाण्यातच राहील. पुढचे पर तळाला टेकलेले, कोपरात वाकलेले, छाती थोडी उचललेली, डोकं पाण्याच्या वर. पाण्याची पातळी दाखवायला पारदर्शक अ‍ॅक्रेलिक शीट, त्यात डोक्याच्या आकाराचं भोक. स्वच्छ रेझिन ओतून पाणी करण्याचा खर्च ऐकून मॅडमनी चहाच खाली ठेवला.

दोन्ही कच्ची रेखाटनं शेजारी शेजारी पाठवली. सूर्योदय त्यांच्यासाठी पॅनलवर ठेवू म्हटलं.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. दादरकडचे रस्ते माणसांनी भरलेले, बरीच वाहतूक वळवलेली. प्लायवूडचा टेम्पो उद्यावर. आम्ही सुट्टी घेतली.

१३ डिसेंबर

ओहोटी बघून शिवडीला. पाण्यात टेकलेला मासा कसा दिसतो त्याचं जिवंत उदाहरण मुंबईत फुकट आहे: निवट्या. चिखलात शेकड्यांनी. डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर अंग उचलून कुबड्यांवर चालल्यासारखे पुढे सरकतात, भरती आली की बिळात. फोन घेऊन चिखलाच्या कडेला बसून राहिले. एक निवटी अगदी जवळ आली. दोन्ही पर एकदम पुढे टाकले, अंग त्यांच्यावर ओढून घेतलं, मागचे छोटे पर पोटाखाली टेकले, मग पुन्हा. एक डोळा मिटून खोबणीत आत ओढला आणि ओला करून पुन्हा वर काढला. पायऱ्यांवरून मासेमारीची जाळी आवरणारा एक दादा बघत होता. म्हणाला, "तळून खा, फोटो कसले काढता?"

मॅडमनी बजावलंय, निवटी टिकटालिकची वारस नाही. ती रावसाच्या घराण्यातली, काट्यांच्या परांची. तिच्या परात दंडाचं हाड नाही. चिखल आणि उथळ पाणी हा प्रश्न तिने स्वतंत्रपणे, वेगळ्या सामानातून सोडवला. पण डोळे कुठे, छाती किती उचलायची, पर किती रुंद पसरायचे, याला तीच बरी.

२० डिसेंबर

मातीकाम सुरू. सळई, जाळी, काथ्या, वर माती. डोकं उभं राहिलं आणि काका थांबले. "डोकं आणि खांद्यामध्ये एवढी फट कशाला? माशाला मान?"

हो, या माशाला आहे. रावसात बघितली ती खांद्याची पट्टी इथे कवटीपासून सुटलेली. कल्ल्यांवरचं हाडांचं झाकणही नाही. त्यामुळे अंग न हलवता डोकं फिरवता येतं. खोल पाण्यात माशाला त्याची गरज नसते, तो सगळा वळतो. तळाला टेकून बसलेल्याला डोकं तेवढं वळवता आलं तर भक्ष्य मिळतं. आपली मान इथून सुरू झाली, हे ऐकल्यावर काकांनी स्वतः माती काढून खाच खोल केली. डोकं किंचित डावीकडे वळवलंय, उघड्या बाजूने फट दिसावी म्हणून. डोळ्यांमागे वरच्या बाजूला श्वासछिद्रांच्या मोठ्या खाचा ठेवल्या. कल्ले होतेच, शिवाय वरून हवाही घेत असणार.

चहाला एरिक यार्विक यांची गोष्ट सांगितली. स्टॉकहोमचे हे शास्त्रज्ञ आयुष्यभर युस्थेनोप्टेरॉनमागे होते. दगडात अडकलेली कवटी थोडी थोडी घासून काढायची, प्रत्येक थराचं चित्र काढायचं, त्या आकाराचं मेण कापायचं आणि मेणाचे थर एकावर एक रचून कवटी मोठ्या आकारात उभी करायची. मूळ जीवाश्म त्यात भुगा होऊन जातो. आता हेच काम सीटी स्कॅन करतो, दगड न फोडता. काका: "म्हणजे मूर्तिकारच की तो."

२९ डिसेंबर

कंबर. जुन्या चित्रांत टिकटालिकची मागची बाजू किरकोळ दाखवलेली असते, कारण तेव्हा मागचं हाडच बाहेर आलं नव्हतं. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि खांद्याच्या तोडीचं निघालं. मागचा परही दणकट. २०२४ मध्ये पाठीच्या मणक्यांचं काम आलं, त्यातून फासळ्या कंबरेच्या हाडाशी जोडलेल्या असाव्यात असं दिसतं. आपल्यासारखा घट्ट सांधा नाही, पण सुरुवात. नेटवर मिळणारी बहुतेक खेळणी आणि चित्रं २०१४ च्या आधीच्या ज्ञानावर चाललीत, म्हणून मागची बाजू कोणाची नक्कल न करता केली. माती पुष्कळ लागली.

५ जानेवारी

आज फक्त उजवा पुढचा पर, आणि दिवस त्यातच गेला.

काटे दोन्ही बाजूंना सारखे घालायचे नाहीत. प्रत्येक काटा म्हणजे समोरासमोर बसलेल्या दोन अर्ध्या काड्या, एक पराच्या वरच्या अंगाला, एक खालच्या. २०२० मध्ये स्कॅनमधून कळलं की टिकटालिकमध्ये वरच्या काड्या मोठ्या आणि लांबवर पसरलेल्या, खालच्या लहान. म्हणजे खालच्या अंगाला मांसाला जागा मोकळी, तळहाताकडे गादी असते तशी. पोहायला दोन्ही बाजू सारख्या असलेल्या बऱ्या, टेकायला खालची बाजू मऊ बरी. इतकी बारीक गोष्ट, आणि तिच्यात सगळं आलं.

वरून कोरणीने काट्यांच्या रेघा खोल मारल्या. खालून बोटाने माती दाबून उशी केली, रेघा कडेलाच ठेवल्या. कोणी खाली वाकून बघणार नाही असं काकांचं म्हणणं. मुलं बघतात. ती उंचीनेच तिथे असतात.

१३ जानेवारी

तुकड्यांत साचा घेतला. फायबर मारलं. थंडीने रेझिन सेट व्हायला वेळ घेतंय, हार्डनर वाढवायचा मोह टाळला. मास्क लावा म्हणून पोरांना ओरडणं चालू.

२० जानेवारी

माघीची घाई. टिकटालिकला गोणपाटात गुंडाळून भिंतीला उभा केलाय. काल एक गिऱ्हाईक विचारून गेलं, कुठल्या मंडळाची सुसर?

३० जानेवारी

रंग. कातडीचा रंग कोणालाच माहीत नाही, म्हणून नदीच्या तळाला शोभेल असा मळकट हिरवा-तपकिरी, पोट फिकं. शेपटीचा उसना भाग वेगळा ठेवला: तोच आकार, पण खवले नाहीत, सपाट राखाडी. काकांना ते अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. मॅडमना फार आवडलं. मी दोघांच्या मध्ये न पडता राखाडीचा दुसरा हात मारला.

डोळ्यांची आखणी काकांनीच केली. एरवी त्यांची नजर समोर उभ्या भक्तावर बसवलेली असते. इथे डोळे आभाळाकडे. ब्रश धरून बराच वेळ बसले, मग म्हणाले, याला कोणाकडे बघायचंच नाहीये, बाहुली मोठी ठेवू.

७ फेब्रुवारी

पॅनल. मुख्य पॅनलवर चार हात एका ओळीत: युस्थेनोप्टेरॉन, टिकटालिक, अ‍ॅकॅन्थोस्टेगा, माणूस. दंड लाल, पुढची दोन हाडं पिवळी आणि निळी, मनगट हिरवं. रंग जुळवत गेलं की मजकूर वाचायचीही गरज नाही.

बोटं कुठून आली याची छोटी चौकट. एल्पिस्टोस्टेगेच्या परात, काट्यांच्या आत झाकलेली, बोटांसारखी हाडांची ओळ सापडली. शिवाय २०१६ चा शिकागोचा प्रयोग: झेब्राफिश या छोट्या माशात हॉक्स १३ गटातली जनुकं बंद केली, तर पराचे काटे कमी झाले आणि मुळाशी बारकी हाडं वाढली. आपली बोटं घडवायला लागणारी जनुकं तीच. काटा आणि बोट एकाच कारागिराच्या हातातले, असं मी लिहिलं होतं. मॅडमनी खोडलं, कारागीर कोण म्हणून पोरं विचारतील. खोडलं ते बरं झालं.

व्यवस्थापनाने सुचवलेला मथळा "आपला पणजोबा" हाही गेला. पोलंडमध्ये झाखेल्मी इथे सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या पावलांच्या खुणा असल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. त्या खरंच चार पायांच्या प्राण्याच्या का, यावर वाद आहे. पण असतील तर टिकटालिकच्या आधीच कोणीतरी चालत होतं. तेव्हा हा पणजोबा म्हणण्यापेक्षा चुलत घराण्यातला, जुनी ठेवण जपून राहिलेला.

सिलाकँथ का नाही, तो तर प्रसिद्ध आहे, असाही प्रश्न आला. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मार्जरी कोर्टनी-लॅटिमर यांना मासेमारीच्या बोटीवर मिळाला तो. मांसल परांचाच, पण नात्याने आपल्याला फुप्फुसमासे त्याच्याहून जवळचे. त्याला एक चौकट दिली, कारण महाराष्ट्राशी संबंध आहे: गडचिरोलीत सिरोंच्याजवळच्या कोटा थरांत डायनोसॉरांच्या काळातला सिलाकँथ मिळालाय, इंडोसिलाकँथस.

आणि शेवटची चौकट माझ्या हट्टाची. मुंबईत टिकटालिकच्या वयाचे खडक शोधू नका, आपल्या पायाखाली साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. पण लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये वरळीला तळ्याचा गाळ साचला, आणि त्यात बेडकांचे जीवाश्म निघाले. इंडोबॅट्रॅकस. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये लंडनला त्यांचं वर्णन केलं. इवलासा बेडूक, पण दंडाला एक हाड, पुढे दोन चिकटून झालेलं एक, मग मनगट, मग बोटं. परळहून वरळीला बसने जाता येतं, हे पॅनलवर लिहायचं राहून गेलंय, लिहू.

१९ फेब्रुवारी

अ‍ॅक्रेलिक कापलं. भोकाची कड डोक्याला घासते, तिथे पारदर्शक रबराची पट्टी. खालून निळा लाइट लावा म्हणाले, लावला नाही. गढूळ नदी आहे.

२५ फेब्रुवारी

टेम्पोतून नेला. प्रयोगशाळेचं दार आम्ही मोजलं होतं, त्यानंतर तिथे ग्रील बसवलंय. शेपूट तशीही वेगळ्या तुकड्यात होती, काढून नेली, आत जोडली. सांधा राखाडी भागातच असल्याने दिसत नाही. काकांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

२८ फेब्रुवारी

गर्दी चांगली. मुलं खरंच पराखाली वाकतात, खालची उशी दाबून बघतात. तिसरीतल्या एकीने राखाडी शेपटीवर हात ठेवून विचारलं, इथे रंग का संपला? मॅडमनी पाऊण तास तिथेच घेतला. सूर्योदयाच्या पॅनलसमोर सेल्फी काढणाऱ्यांची रांग वेगळी.

४ मार्च

पराच्या खालच्या बाजूचा रंग हाताळून उडालाय. तिथे मॅट पीयूचा (पॉलियुरेथेनचा) जाड हात मारून दिला, दर सहा महिन्यांनी बघावं लागेल असं लेखी कळवलं. उरलेलं बिल ३१ मार्चच्या आत असं तोंडी आश्वासन. मॅडमना पुढच्या वर्षी अ‍ॅकॅन्थोस्टेगा हवाय. आठ बोटांच्या हाताला सळई किती लागेल ते काका काढतायत. मी म्हटलं, आधी बिल.